मामांचा खटका

हिंगोलीत मला भाड्याची खोली दाखवणाऱ्या माणसाने जाता जाता एवढंच सांगितलं होतं, "मालक लाखात एक माणूस आहे. फक्त आत जाताना त्यांना विचारून जात जा." मी ज्युनियर कॉलेजात भूगोल शिकवायला नुकताच रुजू झालो होतो. एकटा जीव, गावात ओळख ना पाळख. विचारून जायला माझं काय जाणार होतं? विचारून जाणं म्हणजे काय, ते मला दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं. माझ्या एका हातात दुधाची पिशवी होती, दुसऱ्या हातात ब्रेड, आणि समोर एक म्हातारा लाल झेंडी धरून उभा होता.

"थांबा सर," तो म्हणाला. "लाईन मोकळी न्हाई."

मी इकडे तिकडे पाहिलं. लाईनच नव्हती, तर ती मोकळी कुठून असणार. फरशी घातलेली एक बोळ होती आणि तिच्यात एक कोंबडी काहीतरी टिपत होती. ती कोंबडी आपल्या सवडीने पलीकडे जाईपर्यंत आम्ही दोघं उभे राहिलो. मग म्हाताऱ्याने लाल झेंडी काखेत धरली, हिरवी दाखवली आणि मी खोलीकडे रवाना झालो. दूध थोडं गरम झालं होतं, ते उकळायला सोपं गेलं.

हे आमचे मामा. सगळी गल्ली त्यांना मामा म्हणायची, म्हणून मीही म्हणू लागलो. ते रेल्वेतून निवृत्त झालेले सांधेवाले. रूळ जिथे फुटून एकाचे दोन होतात, तिथे गाडी कोणत्या रुळावर घालायची हे ठरवणारा एक लोखंडी दांडा पूर्वी असायचा. कमरेइतका उंच, टोकाला मुलाच्या डोक्याएवढा जड गोळा. दांडा उचलून पलीकडे टाकला की रुळाचं पातं सरकतं, गोळ्याच्या वजनाने तिथेच बसून राहतं, आणि खटक असा आवाज होतो. त्या आवाजावरून आपल्याकडे त्याला खटका म्हणतात. मामांनी उभं आयुष्य एका छोट्या स्टेशनात हा खटका इकडचा तिकडे आणि तिकडचा इकडे करण्यात घालवलं होतं, आणि एवढं करून त्यांचं पोट भरलं नव्हतं.

पुढे छोटी लाईन उखडून मोठी लाईन आली. खटका गेला, मोटार आली. स्टेशनमास्तरने खोलीत बसून बटण दाबलं की बाहेर सांधा आपोआप बदलायचा. मामांना हा सगळा प्रकार अधर्माचा वाटे. "बटन दाबनाऱ्याला गाडी दिसत न्हाई, आन गाडीला तो दिसत न्हाई," ते म्हणत. "मग भरवसा कुनावर ठिवायचा?" कधीकधी मोटार बिघडे आणि हँडल घालून हाताने सांधा फिरवावा लागे. त्या दिवशी मामा घरी येताना जिलेबी आणत, असं मामींनी मला सांगितलं.

तर हा गेलेला खटका मामांना काही वर्षांनी एका भंगारवाल्याच्या दुकानात भेटला. मुठीजवळ त्यांनीच कधीकाळी लावलेला निळा रंग अजून शिल्लक होता. नातं लागल्यासारखे ते त्याच्याजवळ बसले, आणि मग बैलगाडी करून त्याला घरी घेऊन आले. मामी म्हणतात, मला लग्न करून आणलं तेव्हा यांनी बैलगाडी केली नव्हती, एसटीने आणलं.

आता घराची रचना सांगतो, म्हणजे पुढचं डोक्यात बसेल. गल्लीतून आत आलं की ती फरशीची बोळ. थोडं पुढे ती दुभंगते. सरळ गेलं की माझी खोली, डावीकडे वळलं की मामांचं घर. दोन वाटांच्या मध्ये छातीइतकी भिंत. मामांनी त्या भिंतीच्या टोकाला बिजागरीवर एकच लोखंडी फाटक बसवलं. ते डावीकडे फिरवलं की मामांचं घर बंद आणि माझी वाट उघडी. उजवीकडे फिरवलं की माझी वाट बंद आणि मामांचं घर उघडं. दोन्ही एकदम उघडं राहण्याची सोयच नाही. आणि हे फाटक हाताने ढकलायचं नाही. ते एका सळईने खटक्याला जोडलेलं, आणि खटक्याशेजारी बाज टाकून मामा बसलेले.

नियम असा की काम झालं की खटका पुन्हा सरळ लावायचा. सरळ म्हणजे माझ्या बाजूला, कारण मेन लाईन सरळ असते. म्हणजे भाडेकरूची वाट कायम उघडी, आणि घरमालकाच्या बायकोला स्वतःच्या घरात शिरायचं तर दर वेळी खटका पडायची वाट बघायची. भाजीची पिशवी घेऊन मामी उभ्या राहत. मामा उठत, धोतर सावरत, खटका टाकत, वाकून फाटक नीट टेकलं का ते अंगठ्याने चाचपत, हात वर करून "बराबर" म्हणत, आणि मगच मामी आत जात. "नवऱ्याच्या घरात शिरायला शिग्नल लागतो अशी बाई तुमी पाह्यली का सर कुठं?" त्या मला विचारत. बहुतेक वेळा त्या चिडून मागच्या गोठ्याकडच्या दाराने ये-जा करत. त्या दारावर अजून रेल्वेचा कायदा लागू झाला नव्हता.

खटक्याला मामांशिवाय कुणी हात लावायचा नाही, हा दुसरा नियम. आता मी खरं सांगतो, तो खटका दिसला की माणसाला तो ओढावासा वाटतोच. पोस्टमनला वाटे, गॅसवाल्याला वाटे. आमचे प्राचार्य एकदा माझ्याकडे चहाला आले, तर चहा तसाच ठेवून ते खटक्याभोवती घुटमळत राहिले. मला तर रोज वाटायचं. मी एकदा मामांना विचारलंसुद्धा, एकदाच ओढू द्या की.

"न्हाई सर," मामा म्हणाले. "दोन हात लागले की जिम्मेदारी कुनाचीच न्हाई राहत. तुमी कालेजात कुनालाबी शिकवू देता का?"

आमच्या कॉलेजात तेव्हा तेच चाललं होतं.

तिसरा नियम मात्र सगळ्यात मोठा, आणि पुढच्या सगळ्या रामायणाचं मूळ त्यातच आहे. गाडी खटक्यावर असली की खटका बदलायचा नाही. चुकीच्या लाईनवर निघाली असली तरी नाही. अर्ध्या गाडीखाली पातं फिरवलं तर पुढचे डबे एकीकडे, मागचे दुसरीकडे, आणि सगळंच आडवं. तेव्हा गाडी शेवटच्या डब्यापर्यंत जाऊ द्यायची, मग काय ते बघायचं. हा नियम रेल्वेत शहाणपणाचाच आहे. मामा तो घरी घेऊन आले, इथेच घोळ झाला.

मामी भांडायला लागल्या की मामा मधे एक शब्द बोलत नसत. हिरवी झेंडी हातात धरून शांत उभे राहत. मामींचं माहेर, सासर, गोठा, पोरीचं लग्न असे सगळे डबे एकामागून एक जात. त्या दमून थांबल्या की मामा विचारत, "गेली का पुरी?" त्यावर नवीन गाडी यायची.

एकदा ते कळमनुरीच्या बाजाराला म्हणून निघाले आणि चुकून हट्ट्याच्या एसटीत बसले. गाडी स्टँडच्या बाहेर पडते न पडते तोच त्यांना कळलं. कंडक्टर म्हणाला, उतरता का. मामा म्हणाले, न्हाई, आता सुटली. आणि ते थेट हट्ट्यापर्यंत गेले. तिथे त्यांच्या ओळखीचं कुत्रंही नव्हतं. एका घराच्या ओट्यावर बसले, घरच्यांनी पाणी विचारलं, मग चहा, मग जेवण. तेव्हापासून दर वर्षी हट्ट्याहून हळदीची पिशवी येते आणि मामींना त्या घरच्या लेकीबाळींची नावं पाठ आहेत. "चुकीच्या लाईनवरबी स्टेशन असतंयच," मामा म्हणत. हे वाक्य ऐकायला बरं वाटतं, पण ज्याला कळमनुरीला जायचंय त्याला त्याचा काही उपयोग नाही.

या मामांना एकच मुलगी. बापासारखीच उंच आणि आईसारखी बोलकी. तिच्यावर मामांचा जीव किती, ते त्यांच्या बोलण्यातून कधी कळत नसे, खटक्यावरून कळे. ती कॉलेजातून येताना गल्लीच्या तोंडाशी दिसली की मामा आधीच खटका टाकून ठेवत. तिला कधी थांबावं लागलं नाही. मामी हे पाहत आणि आपल्या पिशवीकडे पाहत.

तिला बघायला कळमनुरीची मंडळी आली. मुलगा शाळेत मास्तर, हसरा, सफाचट दाढीमिशी. त्याचे वडील नव्हते, सगळं चुलत्याच्या शब्दावर. हे चुलते भरदार गृहस्थ, डोक्याला मोठा फेटा, आवाज त्याहून मोठा. पोरगी पसंत पडली, पोहे झाले, आणि जाताना काकांची नजर खटक्यावर गेली. सगळ्यांचं होतं तेच त्यांचं झालं. चेहरा एकदम मऊ पडला.

"पाव्हणं, हे काय म्हनायचं?" असं विचारत त्यांनी मुठीवर हात ठेवला.

मामांनी तो हात हळूच उचलून बाजूला केला. "ड्युटीची वस्तू हाय," ते म्हणाले. "तुमाला तकलीफ काहून?"

काका हसले. पण नाकाचा शेंडा लाल झाला होता, तो मी पाहिला.

लग्न शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर ठरलं. मामींनी आदल्या दिवशीच बजावलं, "मांडवात झेंडी दिसली तर चुलीत घालीन." म्हणून मामा मांडवात थांबलेच नाहीत. पाण्याच्या टाकीजवळ आमचा रस्ता फुटतो. डावीकडे आमचा प्लॉट, उजवीकडे शाळेचं मैदान. त्या दिवशी मैदानावरही लग्न होतं, तिथे पुसेगावची वरात यायची होती. दोन वराती आणि एक फाटा म्हटल्यावर मामांना घरात कोण ठेवणार? नवं धोतर, कोरा फेटा, दोन्ही हातांत झेंड्या घेऊन ते टाकीजवळ उभे राहिले. पाहुण्यांशी बोलायला कुणीतरी हवं म्हणून मामींनी मला त्यांच्यासोबत धाडलं.

कळमनुरीचे काका फोनवर म्हणाले होते, आमी धाला पोचतो. मामांनी ते मनात कोरून ठेवलं. पुसेगावच्या वरातीची वेळ आठची होती, पण आठला काही आलं नाही, नऊला काही आलं नाही. आणि बरोबर दहाला कोपऱ्यावर डीजेची गाडी दिसली.

"आली," मामा म्हणाले. "टायमावर आली. याला म्हंतेत सोयरे." त्यांनी डावीकडे हिरवी झेंडी दाखवली.

आयुष्यभर रेल्वेत काढलेल्या माणसाला हे सुचायला हवं होतं की वेळेवर आलेली गाडी ही बहुधा आधीची उशिरा आलेली असते. पण पोरीचं लग्न होतं, बापाचं डोकं ठिकाणावर नव्हतं. डीजे वळला, नाचणारी पोरं वळली, घोडा वळला. घोड्यावरच्या नवरदेवाचं तोंड फुलांच्या माळांनी झाकलेलं. अगदी आमच्यासमोर आल्यावर त्याला उकडलं असावं. त्याने माळा बाजूला केल्या आणि घाम पुसला. माळांमागे गालापर्यंत वळवलेली काळीभोर मिशी होती.

"मामा," मी म्हणालो, "हा आपला नाही."

"दिसलं," मामा म्हणाले. हिरवी झेंडी तशीच वर.

"मग थांबवा की."

"कसं थांबवता सर? गाडी खटक्यावर हाय. आता बदलली तर अर्धी वरात हिकडं आन अर्धी तिकडं."

त्यांचा चेहरा पांढरा पडला होता, पण हात खाली आला नाही. करवल्या गेल्या, डोक्यावर आहेराची ताटं घेतलेल्या बायका गेल्या, काठी टेकत एक आजोबा गेले, आणि सगळ्यात शेवटी चप्पल तुटलेली एक मावशी गेली. ती पुरती वळल्यावर मामांनी झेंडी खाली घेतली, कपाळावर हात मारला आणि म्हणाले, "उभ्या नोकरीत असं झालं न्हाई हो."

मांडवात तोवर स्वागत सुरू झालं होतं. मिशीवाल्याने माळा पुन्हा तोंडावर घेतल्या होत्या, मामींनी त्याला ओवाळलं. त्याच्या आईचे पाय गरम पाण्याने धुतले, आणि ती माऊली इतकी सुखावली की दुसरा पायही नीट धुवा म्हणाली. आपण चुकीच्या मांडवात आहोत हे कुणालाही कळलं नव्हतं, आणि सरबत थंड असल्याने कुणाला कळून घ्यायचंही नव्हतं.

नेमकी तेव्हाच कळमनुरीची खरी वरात आली. जीपमध्ये पुढे काका. मामांनी काय करावं? त्यांनी लाल झेंडी दाखवली.

"काय झालं?" काका जीपमधून ओरडले.

"लाईन मोकळी न्हाई," मामा म्हणाले. "आउटरला थांबा."

आउटर म्हणजे स्टेशनाबाहेरचा सिग्नल; व्याह्याला आउटरला थांबवणारा वधुपिता मी त्याआधी पाहिला नव्हता. पिठाच्या गिरणीसमोर भर उन्हात वरात उभी राहिली. डीजेवाल्याचं होतं नव्हतं ते सगळं वाजवून झालं आणि त्याने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. नाचणाऱ्या पोरांनी गिरणीच्या सावलीत बसून घेतलं. नवरदेव बिचारा घोड्यावर बसून हसत होता, त्याचा स्वभावच तसा. काका मात्र हसत नव्हते.

मामा मांडवात गेले, हात जोडून पुसेगावकरांना चूक सांगितली. आता ती वरात बाहेर काढायची होती, आणि आल्या रस्त्याने काढावी तर टाकीजवळ दोन घोडे समोरासमोर येणार. इथे मामांच्या अंगात छोटी लाईन संचारली. त्यांनी गोठ्यामागच्या गल्लीने वरात काढायचं ठरवलं. ती गल्ली अरुंद, डीजेची गाडी आत वळेना. मग त्यांनी डीजे होता तिथेच ठेवला आणि बाकीची वरात उलटी सोडली. म्हणजे चप्पल तुटलेली मावशी सर्वांत पुढे, मग आजोबा, ताटं, करवल्या, आणि घोडा शेवटी. मामा दोन्ही हातांनी खुणा करत मागे मागे चालत होते. म्हशींनी इतकी नटलेली माणसं कधी पाहिली नव्हती, त्या रवंथ करायच्या थांबल्या. मावशी स्वतःला सगळ्यांच्या पुढे पाहून इतकी हरखली की मैदानावर पहिली हळदी-कुंकवाची बोटं तिलाच लागली.

लग्न लागलं, उशिरा का होईना. पण काका जेवले नाहीत. मुंडी खाली घालून बसले. लाडू समोर धरला तर म्हणाले, "आधी बघा, तोंडाची लाईन मोकळी हाय का ते." मामा हात जोडून उभे. आणि जाताना काकांनी ठणकावून सांगितलं, "पाचपरतावनाला सून येनार न्हाई. ज्याला जावयाची वरात वळखू येत न्हाई, त्याच्या दारी आमी लेकरू धाडत न्हाई."

मुलीने बापाकडे पाहिलं. लग्नानंतर लेक पाच दिवसांत माहेरी येते, मग परत जाते, हा आपल्याकडचा रिवाज. ते येणं नाही झालं तर पाठवणी झाली असं आईबापाच्या जिवाला वाटतच नाही. पाठवणी घरातून होती. मामांनी खटका टाकला, फाटक अंगठ्याने चाचपलं, हात वर केला. "बराबर" म्हणायचं मात्र त्यांना जमलं नाही. मुलगी त्या फाटकातून गेली.

आणि त्यानंतर मामांनी खटका परत सरळ लावला नाही.

मला वाटलं, दुःखात विसरले असतील. सकाळी कॉलेजला निघालो तर माझी वाट बंद. मी हाक मारली, "मामा, माझं फाटक."

"गाडी वापस यायची हाय," बाजेवर बसूनच मामा म्हणाले. "मार्ग राखून ठिवलाय. बदलता येत न्हाई."

त्या दिवसापासून मी भिंतीवरून उड्या मारू लागलो. आधी पिशवी पलीकडे टाकायची, मग चप्पल, मग मी. पहिल्या दिवशी पँट उसवली. पुढे सराव झाला. बारावीच्या काही मुलांनी मला एकदा भिंतीवर बसलेलं पाहिलं, आणि दुसऱ्या दिवशी वर्गात फळ्यावर सह्याद्री काढून वर मला बसवलेलं होतं. चित्र चांगलं होतं, मी मार्क दिले असते.

मी भांडू शकलो असतो. खोली सोडू शकलो असतो. पण संध्याकाळी परत आलो की मामा गल्लीच्या तोंडाकडे डोळे लावून बसलेले दिसत, आणि मला फार वाईट वाटे. पाच दिवस गेले. मग बरेच दिवस गेले. मामींना आता स्वतःच्या घरात हवं तेव्हा जाता-येता येत होतं, कुणी अडवत नव्हतं. एकदा त्या भाजीची पिशवी घेऊन सवयीने फाटकाजवळ उभ्या राहिल्या. मामा उठले नाहीत. मामी उघड्या वाटेने आत गेल्या आणि स्वयंपाकघरात बराच वेळ भांडं वाजलं नाही.

शेवटी एके संध्याकाळी मुलीचा फोन आला. मामींनी तो स्पीकरवर ठेवला होता. मी तेव्हा नेमका भिंतीवर होतो, एक पाय इकडे आणि एक तिकडे, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

"आबा, काकांचा राग वरातीचा न्हाई," मुलगी हळू आवाजात बोलत होती. "ते रोज जेवताना तेच सांगून राहिले. एवढासा दांडा, म्हंतेत, मी काय खाऊन टाकनार होतो का. मला हात लावू दिला न्हाई. आबा, ते खटक्यासाठी रुसलेत."

मामांनी बाहेर खटक्याकडे पाहिलं.

"आबा, ऐकून राहिले का?"

"व्हय," मामा म्हणाले, आणि फोन मामींकडे दिला.

नंतर ते खटक्यापाशी येऊन बसले. निळ्या मुठीवरून हात फिरवत राहिले. माझं भिंतीवरून उतरायचं राहूनच गेलं होतं. त्यांनी वर पाहिलं.

"सर, तुमी भूगोलवाले. तुमी सांगा. आयुष्यात दुसऱ्या मानसाचा हात लागू दिला न्हाई मी. मोटार आली तवाच काय तो लागला."

"मामा," मी म्हणालो, "पोरगी मोठी की खटका?"

हा प्रश्न विचारल्यावर माझी मलाच लाज वाटली, इतका तो सोपा होता. पण मामांनी त्याचा नीट विचार केला. मग म्हणाले, "गोळा जड हाय. त्यांच्या कमरेत भरली म्हंजी?"

"भरू द्या," आतून मामी म्हणाल्या.

मामींनी कळमनुरीला फोन करून खटक्याचं नाव काढलं, आणि काका सुनेला घेऊन यायला तयार झाले. ठरलेल्या दिवशी सकाळीच मामांनी खटका परत सरळ लावला, म्हणजे काकांना टाकायला काहीतरी शिल्लक राहावं. फाटक माझ्या बाजूने उघडलं. मी त्या दिवशी कारण नसताना चार वेळा आत-बाहेर केलं, माणसासारखा, दोन पायांवर.

जीप आली. काका उतरले ते तोंड वाकडं करूनच. मागे मुलगी आणि जावई. मामा पुढे झाले, हात जोडले आणि खटक्यापासून दोन पावलं बाजूला सरकले.

"पाव्हणं," ते म्हणाले, "लेकीची गाडी तुमच्या हातानं आत घ्या."

काकांनी एकदा मामांकडे पाहिलं, एकदा खटक्याकडे. फेटा काढून माझ्या हातात दिला. पहिल्यांदा जोर कमी पडला, गोळा अर्ध्यातून माघारी आला आणि काका त्याच्याबरोबर आले. मामांचे हात पुढे झाले, पण त्यांनी ते पाठीमागे बांधून घेतले. दुसऱ्यांदा काकांनी दात आवळले, दांडा उचलला आणि पलीकडे टाकला. खटक. फाटक फिरलं. मामांनी वाकून अंगठ्याने चाचपलं. जरा जास्तच वेळ चाचपलं, असं मला वाटलं.

"बराबर," ते म्हणाले.

मुलगी आत गेली. आणि काका इतके हसले की त्यांच्या सगळ्या दाढा मला मोजता आल्या असत्या.

मी कॉलेजला गेलो. संध्याकाळी परतलो तेव्हा मामांच्या बाजेवर काका बसले होते. काखेत लाल झेंडी, मांडीवर हिरवी. दिवसभर तिथेच बसून होते म्हणे, जेवणसुद्धा तिथेच मागवलं होतं. मी फाटकाकडे वळलो.

"थांबा," काका म्हणाले. "लाईन मोकळी न्हाई."

"काका, कुणीच तर नाही."

"कोंबडी हाय," काका म्हणाले.

भिंतीपलीकडे घराच्या ओट्यावर मामा जेवत होते. शेजारी लेक बसून त्यांच्या ताटात वाढत होती, कळमनुरीच्या गोष्टी सांगत होती, आणि ते मान डोलवत होते. खटक्याकडे त्यांची पाठ होती. काकांनी उगाचच एकदा खटका पलीकडे टाकला आणि परत अलीकडे आणला. दोन वेळा खटक वाजलं. मामांचा घास दोन्ही वेळा क्षणभर थांबला, पण त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

मी पिशवी पलीकडे टाकली, मग चप्पल, आणि भिंतीवर चढलो.